प्रकरण सातवे : बिऱ्हाडापासून कचेरीपर्यंत

५ ऑक्टोबर २०२४ रोजी देशाच्या पंतप्रधानांचा जो महाराष्ट्र-दौरा झाला, त्याच्या सरकारी कार्यक्रमपत्रिकेत सकाळच्या प्रहरी वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवी येथे जगदंबेचे दर्शन, संत सेवालाल महाराज व संत रामराव महाराज यांच्या समाधींना वंदन आणि नंगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत उभारलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन अशी कलमे होती, आणि त्याच दिवशी सायंकाळी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलापासून आरेपर्यंतच्या भुयारी मेट्रोला हिरवा बावटा दाखवण्याचे कलम होते. ही कलमे एका पत्रिकेत आली ती अर्थातच दौऱ्याच्या सोयीने. परंतु माणसाला घरून कामावर जाण्यास किती वेळ लागतो, आणि तो वेळ निरनिराळ्या शहरांत कसकसा पालटत गेला, या प्रस्तुत प्रकरणाच्या विषयाची दोन टोके त्या दिवशी एका कागदावर आली होती, एवढे मात्र खरे. एक टोक तांड्याचे, दुसरे लोकलचे.

तांड्याचे टोक आधी घेऊ, कारण ते जुने आहे आणि त्याची दखल वाहतूकशास्त्राच्या ग्रंथांत सहसा घेतली जात नाही. बंजारा समाजाचा परंपरागत व्यवसाय लदेणीचा. म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस इत्यादी मालाच्या गोणी लादून तो या मुलखातून त्या मुलखात नेऊन विकण्याचा. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा आढळला. त्यात १४,००० बैल असल्याची नोंद त्याने केली आहे, आणि हे लोक दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक मजल मारीत नाहीत, बायकामुले व सारा संसार बरोबर असतो, असेही त्याने लिहून ठेवले आहे. बैलाला वाटेवर चरायला वेळ द्यावा लागे, म्हणून मजल एवढी लहान. पुढे १८०३ च्या शेवटी आर्थर वेलस्लीची फौज वऱ्हाडात उतरली, २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला, तेव्हा त्या फौजेच्या दाण्यागोट्याची भिस्त पुष्कळ अंशी या बंजाऱ्यांच्या बैलांवरच होती. फौजा थांबत तिथे बाजार भरे, आणि बाजार हलला की तांडा हले.

आता या जीवनक्रमाला आपण आजच्या हिशेबाची फूटपट्टी लावली, तर उत्तर मोठे विलक्षण येते. वर्षाकाठी शेकडो कोस चालणाऱ्या त्या माणसाचा घरून कामावर जाण्याचा वेळ शून्य होता. कारण ज्या वाटेवर काम, त्याच वाटेवर चूल. घर एका जागी रोवले जाते, काम दुसऱ्या जागी रोवले जाते, आणि त्या दोहोंच्या मध्ये जे अंतर उरते ते माणसाने रोज दोनदा तुडवावयाचे, ही व्यवस्था जगात सार्वत्रिक झाल्याला दोनशे वर्षेही झालेली नाहीत. जिने ती व्यवस्था रूढ केली त्या आगगाडीनेच लदेणीचा व्यवसायही बुडवला, हा केवळ काव्यगत न्याय नव्हे. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला भिडला, वऱ्हाडचा कापूस बैलाच्या पाठीवरून वाघिणीत चढला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर फिरत्या जमातींचे फिरणेच संशयास्पद ठरवले. १९५२ साली तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला तेव्हा तांडे बहुतेक ठिकाणी माळरानाच्या कडेला स्थिर झालेले होते.

मुंबईचा प्रारंभबिंदू सर्वश्रुत आहे : १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, २१ मैल, ५७ मिनिटे. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन एंजिनांनी ओढलेल्या त्या गाडीचे वर्णन शाळेतल्या पुस्तकांत येते, परंतु त्यातला ५७ मिनिटांचा आकडा मुलांना जेवढा लहान वाटतो तेवढाच तो वाहतुकीच्या अभ्यासकाला अस्वस्थ करतो. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून ठाण्याची धिमी लोकल पकडली तर तासाच्या आसपास लागतो. अर्थात आजची गाडी मधल्या प्रत्येक स्थानकावर थांबते, त्या दिवशीची गाडी निमंत्रितांना घेऊन जवळजवळ विनाथांबा गेली होती, हा भेद विसरता कामा नये. जलद लोकल तेच अंतर सुमारे चाळीस मिनिटांत तोडते. तथापि १९२५ साली बोरीबंदर-कुर्ला मार्गावर वीज आली, डब्यांची संख्या नवावरून बारावर आणि काही गाड्यांत पंधरावर गेली, आणि एवढे सारे होऊनही मुंबईकराचा प्रवासकाळ घटला असे छातीठोकपणे म्हणवत नाही. वेग वाढला, त्याबरोबर माणूस लांब राहायला गेला. प्रथम दादर-माटुंगा, मग ठाणे-बोरिवली, मग डोंबिवली-कल्याण-विरार, आणि आता बदलापूर व पालघर.

या घटनेला शास्त्रज्ञांनी नियमाचे रूप देऊन पाहिले आहे. याकोव झहावी या इस्रायली अभियंत्याने १९७० च्या दशकात अनेक देशांतल्या शहरांचे आकडे तपासले, तेव्हा त्याला असे दिसले की साधने भिन्न, उत्पन्न भिन्न, तरी माणसे रोजच्या प्रवासावर सरासरीने जवळपास एक तास खर्च करतात. व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग येथील संस्थेत काम करणाऱ्या चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ साली त्यावर एक निबंध लिहून हा तास माणसाच्या स्वभावातच असावा, असा तर्क मांडला. चालण्याचा वेग ताशी पाच किलोमीटर. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. म्हणून पायी चालणाऱ्यांच्या शहराची त्रिज्या अडीच किलोमीटरच्या पलीकडे जात नाही, आणि जुनी तटबंदीची शहरे मोजली तर ती याच मापात बसतात, असे त्याचे म्हणणे. पुण्याच्या कसबा, शनिवार, बुधवार, नाना या पेठा आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी जाण्यास लागणारा वेळ कोणीही घड्याळ लावून पाहावा. ट्राम आली की त्रिज्या वाढते, आगगाडी आली की आणखी वाढते, मोटार आली की शहराला कडाच राहत नाही, आणि प्रत्येक वेळी वाचलेला वेळ माणूस बचतखात्यात न टाकता अंतर विकत घेण्यात उधळतो.

हा सिद्धान्त मोहक आहे, आणि मोहक सिद्धान्ताविषयी जेवढे सावध असावे तेवढे असलेले बरे. तो शहरांच्या सरासरीविषयी बोलतो. त्या शहरातल्या एखाद्या माणसाविषयी बोलत नाही. कल्याणहून फोर्टात रोज येणारा कारकून दोन्ही वेळचा मिळून तीन तास प्रवासात घालवतो, आणि त्याच शहरातल्या जवळपास निम्म्या फेऱ्या पायी होतात. या दोघांची बेरीज करून भागाकार केला की एक सभ्य, कोणालाही न दुखवणारा आकडा निघतो, ज्यात कारकुनाचे तीन तासही सापडत नाहीत आणि पायी जाणाऱ्याची दहा मिनिटेही. शिवाय मार्केटी म्हणतो ते अंतर माणूस स्वखुशीने विकत घेतो की ते त्याच्या गळ्यात मारले जाते, हा प्रश्न त्याच्या निबंधात उद्भवतच नाही. मुंबईत तो उद्भवतो.

गिरणगावाचा दाखला घ्या. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने दाखवून दिले आहे की परळ-लालबाग-वरळी भागातले बहुसंख्य गिरणीकामगार गिरणीपासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहत होते. भोंगा झाला की चाळीतून निघायचे, दुसऱ्या भोंग्याच्या आत खात्यात हजर व्हायचे, आणि कामगाराने जवळ राहावे यातच मालकाचेही हित होते, कारण बदलीचा माणूस दाराशी उभा असला पाहिजे. खोली दहा बाय दहाची, तीत राहणारे दहा-बारा, पाळीपाळीने झोपणारे. त्या वस्तीचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. परंतु वेळेच्या हिशेबात तो माणूस श्रीमंत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मिटलाच नाही, एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि पुढच्या दोन दशकांत गिरण्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या व विक्रीसंकुले उभी राहिली. अनेक कुटुंबांनी चाळीतली खोली विकून नालासोपारा, विरार, डोंबिवली, दिवा गाठले. आणि त्यांची मुले त्याच लोअर परळमध्ये, ज्या आवारात बाप साचा चालवीत होता तिथे, सुरक्षारक्षक, विक्रेता किंवा संगणकावरला कर्मचारी म्हणून सव्वा-दीड तासाचा प्रवास करून येऊ लागली. पंधरा मिनिटांची पाऊणशे-नव्वद मिनिटे झाली ती एका पिढीत, आणि त्यात वेगाचा, मार्केटीचा किंवा मनुष्यस्वभावाचा काडीमात्र संबंध नव्हता. जमिनीच्या भावाचा होता. रेल्वेच्या दप्तरात गर्दीच्या वेळच्या भाराला एक पारिभाषिक संज्ञा आहे, तिच्यात दर चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी गृहीत धरतात. मात्र गिरण्यांच्या काळासाठी बांधलेल्या स्थानकांवर कचेऱ्यांच्या काळाची गर्दी लोटल्यावर काय होते, याचे उत्तर २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर २३ माणसांच्या मृत्यूने मिळाले.

येथे पोहरादेवीच्या मुलखाकडे पुन्हा वळण्यास एक सबळ कारण आहे. पुसद तालुक्यातले गहुली हे बंजाऱ्यांचे गाव पोहरादेवीपासून फारसे दूर नाही. त्या गावी १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, आणि घर व काम यांची ताटातूट मिटवण्याचा या राज्यातला सर्वांत मोठा सरकारी प्रयत्न त्यांच्याच कारकीर्दीत झाला. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे दुसरे शहर वसवण्याची कल्पना १९६५ च्या सुमारास मांडली होती. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईचे काम सुरू झाले. कल्पनेचा गाभा असा की मुंबईची नोकरीच खाडीपलीकडे न्यावी, राज्यकारभारही न्यावा, म्हणजे माणसे आपोआप जातील आणि दक्षिण टोकाकडे रोज सकाळी वाहणारा लोंढा दुभंगेल. ज्या समाजाने शतकानुशतके कामामागे बिऱ्हाड नेले, त्यातल्या एका माणसाच्या सहीने बिऱ्हाडामागे काम नेण्याचा हुकूम निघावा, यात मला तरी इतिहासाचा थोडा मिस्किलपणा दिसतो.

हुकूम निघाला, पण तो ज्यांनी पाळायचा त्यांनी पाळला नाही. मंत्रालय हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्र हटवून कचेऱ्यांची रांग उभी राहिली आणि १९८१ साली नवे विधानभवनही तिथेच उघडले. शेतमालाचा घाऊक बाजार खाडीपलीकडे गेला हे खरे, आणि तो गेला म्हणून माथाडी कामगारही गेला. साहेब मात्र राहिला. १९९२ साली मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली, तेव्हा वाशी-नेरूळकरांना आनंद झाला तो मुंबईत कामाला जाणे सोपे झाल्याचा. अलीकडे ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यात संगणकक्षेत्रातल्या कंपन्या आल्यापासून उलट्या दिशेनेही गर्दी वाहते. जानेवारी २०२४ पासून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीला न्हावाशेव्याशी जोडतो, आणि ज्याच्यापाशी मोटार आहे त्याचा तास वाचतो. पनवेल-उलव्याच्या जागांच्या जाहिरातींत तो वाचलेला तास आता चौरस फुटांच्या भावात मिळवलेला आढळतो.

सरासरी काढण्याचे कामही वरवर वाटते तेवढे निरुपद्रवी नाही. अमेरिकेच्या जनगणनेत कामावर जाण्यास लागणारा वेळ १९८० पासून विचारतात, आणि एका दिशेच्या प्रवासाची सरासरी १९८० साली २१.७ मिनिटे, १९९० साली २२.४, २००० साली २५.५ आणि २०१९ साली २७.६ अशी चढत गेली. पैकी १९९० ते २००० या दशकातली तीन मिनिटांची उडी पाहून पुष्कळांनी चिंता व्यक्त केली. परंतु तिच्यातला काही भाग नुसता रकान्याचा होता. १९९० पर्यंत तक्रारखोर प्रवाशालाही ९९ मिनिटांच्या वर वेळ लिहिता येत नव्हता, दोन तास लागणाऱ्याचेही ९९ च धरले जात. २००० साली रकाना तीन आकडी झाला आणि सरासरी सुमारे एक मिनिटाने वर गेली. २०२१ साली ती २५.६ पर्यंत उतरली. रस्ते रुंद झाले म्हणून नव्हे. महामारीत घरून काम करणाऱ्यांचे प्रमाण ५.७ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेले, आणि घरी काम करणाऱ्याला या हिशेबात शून्य न धरता हिशेबातूनच वगळतात. लांबून येणारे घरी बसले की उरलेल्यांची सरासरी सुधारते. तांड्यातला लदेणीवालाही याच न्यायाने गणतीबाहेर पडला असता.

आपल्याकडे पुण्याचे नाव हल्ली जागतिक याद्यांत वरचेवर झळकते. टॉमटॉम या डच कंपनीच्या पाहणीनुसार पुण्यात दहा किलोमीटर जाण्यास २०२३ साली सरासरी २७ मिनिटे ५० सेकंद लागत होते. २०२४ च्या यादीत तोच आकडा ३३ मिनिटे २२ सेकंद झाला आणि पुणे जगात चौथे आले, कोलकाता व बंगळूर यांच्या पाठोपाठ. एका वर्षात साडेपाच मिनिटे वाढली, असे वृत्तपत्रांच्या मथळ्यांवरून वाटावे. परंतु त्याच दोन याद्यांत लंडनचा आकडा ३७ मिनिटे २० सेकंदांवरून ३३ मिनिटे १७ सेकंदांवर उतरलेला आहे. पुण्यात एका वर्षात प्रलय झाला आणि लंडनमध्ये एका वर्षात मोक्ष मिळाला, हे मानण्यापेक्षा मोजण्याच्या रीतीकडे संशयाने पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आणखी एक गोष्ट : ही मोजणी मोटारींतल्या यंत्रांवरून होते. पीएमपीच्या थांब्यावर बसची वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटे तीत येत नाहीत, आणि ज्या शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्यात अजून सायकलीवर कामाला जाणाऱ्या मजुराचा वेळही येत नाही.

भारताच्या जनगणनेने २०११ साली हा प्रश्न हाती घेतला, पण तो अर्धाच. कामाचे ठिकाण किती किलोमीटरवर आहे आणि तिथे कशाने जाता, एवढे विचारले. किती वेळ लागतो, ते विचारले नाही. त्या तक्त्यातून निघालेले चित्र शहरी वाचकाच्या अपेक्षेपेक्षा वेगळे आहे : सुमारे तीस टक्के कामकऱ्यांना कामासाठी प्रवासच करावा लागत नव्हता, एक पंचमांशाहून जास्त पायी जात होते, आणि सायकलीवर जाणारेही दर शंभरात तेराच्या घरात होते. पण हा तक्ता ‘इतर कामकरी’ या सदरापुरताच आहे. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग करणारे त्यातून वगळलेले आहेत. मानोरा तालुक्यासारख्या कोरडवाहू मुलखात ही वगळणूक झाल्यावर उरतात ते बव्हंशी शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, दुकानदार आणि वाहनचालक.

या नोकरदारांच्या प्रवासाला विदर्भात अप-डाउन म्हणतात, आणि त्याची एक स्वतंत्र राजकीय कथा आहे. सरकारी नियमाने कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावयाचे असते, घरभाड्याचा भत्ता त्यासाठीच असतो, आणि तो मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. प्रत्यक्षात मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी आणि दवाखाना यांसाठी बिऱ्हाड वाशिम, कारंजा, दिग्रस किंवा पुसदला असते, आणि सकाळी दुचाकी वा एसटी गाठून खेड्याकडे जायचे, सायंकाळी परतायचे, हा क्रम चालतो. मुंबईचा लोंढा सकाळी शहराकडे जातो. इथला सकाळी शहरातून गावाकडे निघतो. ग्रामस्थांची तक्रार अशी की गुरुजींचे चित्त शेवटच्या तासाला गाडीत असते; गुरुजींची तक्रार अशी की गावात भाड्याने मिळेल अशी पक्की खोली नाही. दोघांचेही खरे आहे, आणि या अप-डाउनला किती वेळ जातो याची मोजदाद ना ठरावात होते, ना जनगणनेत.

या मुलखात वेग आला तो फार उशिरा. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची शकुंतला, किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी कापसासाठी बांधलेली, कारंजा-दारव्ह्यावरून ताशी वीस किलोमीटरच्या आसपासच्या चालीने जात असे, आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचे एंजिन होते. आता ती बंद आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले, आणि त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग खुला झाला, तो वाशिम जिल्ह्यातून, शेलूबाजारजवळून जातो. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पुरा झाल्यावर नागपूर-मुंबई सोळा तासांवरून आठ तासांवर आली, असा सरकारचा हिशेब आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या लोहमार्गाचा वर्धा-कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुढे तो दिग्रस-पुसदला पोहोचेल, तेव्हा यवतमाळला बिऱ्हाड ठेवून दिग्रसला नोकरी करणाऱ्यांची संख्या वाढेल, हे भाकीत करायला झहावीची गरज नाही.

महामार्गाने ज्यांचा प्रवास सर्वांत लांबचा, त्यांच्या दैनंदिन वेळेला मात्र स्पर्श केलेला नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी तांड्यांतून दिवाळीच्या आगेमागे जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात, दुसरी पुण्या-मुंबईच्या इमारतींच्या बांधकामांवर जातात. ऊसतोडणीवाल्याची कोपी कारखान्याच्या किंवा फडाच्या कडेला पडते, बांधकामावरच्या मजुराचा पत्र्याचा निवारा ज्या इमारतीवर तो काम करतो तिच्याच आवारात असतो. तिथे कोणी पन्नास किलोमीटर दूर राहून रोज येत नाही. कोयता पहाटे अंधारात सुरू होतो आणि गाडी भरून कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत लागेपर्यंत थांबत नाही. २०११ च्या तक्त्यात ऊसतोडणीवाला शेतमजूर म्हणून गळतो आणि बांधकामावरला मजूर प्रवास न करणाऱ्यांत जमा होतो. पोहरादेवीची मोठी यात्रा चैत्रात रामनवमीला भरते आणि आंध्र, तेलंगण, कर्नाटकापासून लोक तिला येतात. कारखान्याचे गाळप मार्चमध्ये आटोपले तर फडावरची कुटुंबे त्या सुमाराला मुलखात परतलेली असतात, आणि लांबले तर रामनवमी त्यांना फडातच उजाडते, कारण उचल फिटेपर्यंत कोपी मोडता येत नाही.